कुत्रा ‘चावला’, मग सुपारी ‘त्याने’ का चावली?

दोन वाक्यं घ्या. ‘बाळ आईला चावलं.’ ‘बाळाने खुळखुळा चावला.’ पोर तेच, नुकतेच उगवलेले खालचे दोन दात तेच, क्रियापदही तेच. तरी पहिल्या वाक्यात बाळ नुसतंच आलंय आणि दुसऱ्यात त्याला ‘ने’ चिकटलाय. ‘बाळ खुळखुळा चावलं’ असं डहाणूपासून वेंगुर्ल्यापर्यंत कोणी म्हणणार नाही. हे व्याकरणाच्या तासाला शिकवलेलं नसतं, शाळेत जाण्याआधीच ते कानात बसलेलं असतं.

‘चावणे’ दिसायला एक शब्द असला तरी आत दोन क्रियापदं नांदतात. एक दात रोवण्याचं, म्हणजे दंशाचं. दुसरं दाढेखाली बारीक करण्याचं, म्हणजे चर्वणाचं. भूतकाळ आला की ही दोघं वेगळी चूल मांडतात. दंशाचं चावणे ‘बोलणे’, ‘भेटणे’ यांच्या पंगतीत बसतं: तो मला बोलला, तो मला भेटला, कुत्रा मला चावला. क्रियापद कर्त्याप्रमाणे बदलतं, म्हणून मुंगी चावली, डास चावले, मांजर चावलं. मालवणीतही तसंच, कुत्रो चावलो. ज्याला चावलं त्याला ‘ला’ लागतो. व्याकरणात याला कर्तरी प्रयोग म्हणतात. चर्वणाचं चावणे ‘खाणे’च्या पंगतीत बसतं: त्याने भाकरी खाल्ली, त्याने सुपारी चावली. इथे कर्त्याला ‘ने’ लागतो आणि क्रियापद चावलेल्या वस्तूप्रमाणे चालतं: घास चावला, गोळी चावली, पान चावलं. हा कर्मणी प्रयोग.

एकच कुत्रा दोन्ही कामं करतो तेव्हा फरक स्वच्छ दिसतो. कुत्र्याने चप्पल चावली. कुत्रा पायाला चावला. आणि मराठीत चप्पलसुद्धा चावते, विशेषतः नवी कोरी चामड्याची. तेव्हा ती कुत्र्याच्या बाजूला जाऊन उभी राहते: चप्पल पायाला चावली. (अशा चपलेला आतून, पट्ट्याच्या कडेला खोबरेल तेल लावून रात्रभर ठेवावं, आणि पहिले काही दिवस थोडा थोडा वेळच वापरावी. फोड आला तर फोडू नये, वरची कातडी हेच त्याचं झाकण असतं.)

हल्ली ‘मला कुत्र्याने चावलं’ असंही बरंच ऐकू येतं. हिंदीतल्या ‘कुत्ते ने काटा’च्या साच्यात ते ओतल्यासारखं वाटतं. चूक म्हणून कोणाला टोकायला नको, पण जुन्या माणसांच्या तोंडी ‘कुत्रा चावला’ हेच येतं. बातम्यांमध्ये ‘कुत्र्याने चावा घेतला’ असं लिहितात ते मात्र बरोबर आहे, कारण तिथे क्रियापद ‘घेणे’ आहे.

शंका आली तर आणखी तीन ठिकाणी तपासता येतं. एक, सोबत येणारं क्रियाविशेषण. ‘करकचून’, ‘कडकडून’ हे दंशालाच लागतात, ‘बारीक’, ‘नीट’ हे चर्वणालाच. कुत्रा बारीक चावत नाही आणि भाकरी कोणी करकचून चावत नाही. दोन, नाम. ‘चावा’ हे नाम फक्त दंशाचं, तसंच ‘चावरं’ हे विशेषण. भाकरीच्या घासाला चावा म्हणत नाहीत. चर्वणाला रोजच्या बोलण्यात स्वतःचं नामच नाही, पुस्तकातलं ‘चर्वण’ आणावं लागतं. तीन, शक्य क्रियापद. ‘आजीला आता सुपारी चाववत नाही’ हे चर्वणापुरतंच. ‘कुत्र्याला आता चाववत नाही’ म्हटलं तर ऐकणारा त्याच्या ताटलीतल्या हाडाकडे बघेल, पोस्टमनच्या पोटरीकडे नाही.

शब्द आला कुठून ते सोपं आहे. संस्कृतात चर्व् हा धातू, ‘चर्वति’ म्हणजे चावून खातो. प्राकृतात जोडाक्षरातला ‘र’ गळला आणि पुढचं अक्षर दुहेरी झालं, चव्व. मराठीत ते दुहेरी अक्षर एकेरी झालं आणि भरपाई म्हणून आधीचा स्वर लांबला, चाव. कर्ण–कण्ण–कान, घर्म–घम्म–घाम हे सगळे याच वाटेने आले. पर्णाचं पान आणि सर्पाचा साप हेही याच वाटेचे वाटसरू. कोकणात चावण्याचा विषय निघाला की ही दोन माणसं हटकून येतात, पुढे भेटतीलच. ‘चावी’ मात्र या घरातली नाही. ती पोर्तुगीज भाषेतून किनाऱ्याला लागली. ‘चावळणे’ म्हणजे तापात किंवा म्हातारपणी बरळणे. दातांचा त्यातही काही संबंध नाही.

शेजारच्या भाषांनी ही दोन कामं वाटून टाकली आहेत. हिंदीत घास ‘चबाते’ आणि कुत्रा ‘काटता’ है. गुजरातीत घास चावायचा, पण कुत्रं ‘करडे’. मराठीने मात्र दोन्ही एकाच गड्याकडे ठेवली, आणि वर दात नसलेल्यांचं कामही त्यालाच दिलं. विंचू नांगीने टोचतो, मधमाशी शेपटाकडच्या काट्याने, डास सोंडेने. यातला एकही दाताने चावत नाही, पण मराठीत सगळेच चावतात. ‘डसणे’, ‘डंख मारणे’, ‘दंश’ हे शब्द आहेत, पण तापलेल्या अंगाने दवाखान्यात आलेला माणूस ‘काहीतरी चावलं’ एवढंच म्हणतो.

आणि तिथे हा शब्द अपुरा पडतो.

काय चावलं, कसं चावलं

कुत्र्याच्या बाबतीत डॉक्टरला नुसतं ‘चावलं’ पुरत नाही. त्याला तीन पायऱ्यांतली कोणती ते हवं असतं. कुत्र्याने धडधाकट कातडीला नुसतं चाटलं असेल तर पहिली पायरी: धुवायचं, लस लागत नाही. उघड्या कातडीला दात घासले, ओरखडा आला पण रक्त नाही, ही दुसरी: लस लागते. दात आत रुतले, रक्त आलं, किंवा आधीच्या जखमेवर, ओठा-डोळ्यांवर लाळ लागली, ही तिसरी: लसीबरोबर जखमेच्या आत आणि भोवती वेगळं रेबीजरोधक इंजेक्शनही द्यावं लागतं. म्हणून ‘चावला नाही हो, जरा चाटलं फक्त’ हे वाक्य धोक्याचं आहे. पायावर खरवडलेलं असेल आणि तिथे चाटलं असेल, तर ते चाटणं तिसऱ्या पायरीत जातं. आपल्या डोक्यात चाटणं सौम्य आणि चावणं गंभीर अशी उतरंड असते, विषाणूला ती माहीत नसते.

पहिलं काम घरचंच. नळाच्या धारेखाली साबण लावून पंधरा मिनिटं जखम धुवायची. घड्याळ लावून धुवा, अंदाजाने धुतलं तर दोन मिनिटांतच हात आखडतो. हळद, चुना, मिरची काही भरू नये. लस दंडात घ्यायची असेल तर 0 (म्हणजे पहिल्या इंजेक्शनचा दिवस), 3, 7, 14 आणि 28 या दिवशी, कातडीत द्यायची असेल तर 0, 3, 7 आणि 28 या दिवशी. पोटातल्या चौदा इंजेक्शनांची लस वीसएक वर्षांपूर्वीच बंद झाली, तिच्या भीतीने आजही कोणी घरी बसत असेल तर त्याला हे सांगा.

सापाच्या बाबतीत अडचण उलटी आहे. तिथे माणसं ‘चावला’ म्हणायलाच टाळतात. कोकणात साप हा शब्द, विशेषतः दिवेलागणीनंतर, तोंडावर आणत नाहीत. ‘जनावर’ म्हणतात, ‘लांबडं’ म्हणतात, आणि सर्पदंश झाला तर ‘पान लागलं’ म्हणतात. बाहेरून बदली होऊन आलेल्या डॉक्टरला हे ठाऊक नसेल तर तो विड्याच्या पानाने काही झालं असं समजायचा, कारण ‘सुपारी लागली’ हाही इथलाच शब्दप्रयोग आहे आणि त्याचा अर्थ अगदीच वेगळा. कच्ची, नवी सुपारी खाल्ल्यावर कानशिलं तापतात, घाम फुटतो, छातीत कोंडल्यासारखं होतं, त्याला सुपारी लागणे म्हणतात. नवख्याला सुपारी लागली तर थोडं पाणी पिऊन, बसून राहून सहसा उतरते. पान लागलं तर बसून राहायचं नसतं.

मण्यार तर चावल्याचं कळूही देत नाही. ती रात्री, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते, फारसं दुखत नाही, खूण दिसेलच असं नाही. पहाटे पोटात कळ येते, पापण्या मिटू लागतात, बोलणं जड होतं, आणि माणूस सांगत असतो, ‘काही चावलं नाही.’ रत्नागिरी-सिंधुदुर्गच्या जांभ्याच्या सड्यांवर, म्हणजे उघड्या खडकाळ पठारांवर, फुरसं असतं. ते लहान म्हणून दुर्लक्ष होतं, पण त्याच्या विषाने रक्त गोठायचं थांबतं. हिरड्यांतून रक्त येऊ लागलं की उशीर झालेला असतो. नाग, घोणस, मण्यार आणि फुरसं या चौघांवर आपल्याकडे मिळणारं प्रतिविष एकच असतं, त्यामुळे साप मारून घेऊन जायची गरज नाही. चावलेला हात-पाय हलू न देता, करकचून न बांधता, चिरा न देता, तोंडाने न चोखता रुग्णालय गाठायचं. 108 ला फोन करताना तरी ‘पान लागलं’ न म्हणता ‘साप चावला’ म्हणावं.

विंचवाचं निराळं. कोकणातला लाल विंचू चावला की वेदना असतेच, पण जीव जातो तो हृदयावर आलेल्या ताणाने. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी या रुग्णांना प्राझोसिन हे रक्तदाबाचं औषध देऊन हे मृत्यू टाळता येतात ते दाखवलं. 2022 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. नांगीला ‘चावणे’ म्हणणं शास्त्राला धरून नसेल, पण विंचू चावल्याची ओळख त्या एका शब्दाने साऱ्या गावाला पटते, तेव्हा शब्द बदलायचं कारण नाही. घाम, गार हातपाय आणि उलटी दिसली तर उतारा शोधत बसायचं नाही, एवढं पुरे.

चिंबोरीच्या एका नांगीत किती क्रियापदं

चर्वणाच्या बाजूला मराठी फार बारकाईने बोलते. चावणे म्हणजे दात-दाढा मिटून पदार्थ फोडणे, दळणे. चघळणे म्हणजे जिभेने पदार्थ या गालातून त्या गालात फिरवणे. दात लागले तर लागले, खरं काम लाळ करते. चोखणे म्हणजे ओठ आणि जीभ लावून आतलं ओढून घेणे, दात बघ्याच्या भूमिकेत. कुरतडणे पुढच्या दातांनी, कडेकडेने. कडाकडा फोडणे दाढेने. आणि मचमच करणे म्हणजे तोंड उघडं ठेवून चावणे, याला कोकणात ताटावरच टोकणी बसते.

हे सगळं एका पदार्थात बघायचं तर चिंबोरीची नांगी घ्या. (रायगड-मुंबईकडे चिंबोरी, तळकोकणात कुर्ली.) मोठी नांगी आधी फोडायची, आणि ती दाढेने नव्हे तर बत्त्याने, कारण दाताचं वरचं आवरण शरीरातली सगळ्यात कठीण वस्तू असली तरी एकदा कपचा उडाला की पुन्हा उगवत नाही. नांगी पालथ्या वाटीवर ठेवून सांध्याजवळ एकच घाव घालायचा. चिंधड्या झाल्या तर कवचाचे तुकडे मांसात मिसळतात आणि दाताखाली कचकच येते. मग कडेने कवच उचलून गर काढायचा आणि चावायचा. बारीक पायांना हा थाट नाही. ते सांध्यात मोडायचे, एका टोकाने रस्सा चोखायचा, मग दाढेखाली हलकेच चेपून आतला गर पुढे ढकलायचा, पुन्हा चोखायचा, आणि उरलेला चोथा ताटाच्या कडेला. जो पाहुणा पाय सरळ चावायला घेतो तो किनाऱ्यावरचा नाही हे घरातल्यांना पहिल्या घासालाच कळतं.

फणसाचंही असंच. काप्याचा गरा घट्ट, कचकन तुटणारा, तो चावायचा. बरक्याचा गरा बुळबुळीत, लांब धाग्यांचा. तो दाढेत धरायला गेलं की निसटतो आणि धागे दातांत अडकतात, म्हणून बरका चावतच नाहीत, जिभेवर दाबून सुळकन गिळतात. पोरांना तो देताना आठळी आधी काढून घ्यायची, कारण गिळायच्या पदार्थात कठीण बी राहिली की घशात जाऊन बसते. आठळ्या मात्र चावायच्याच: मीठ घालून वीस-पंचवीस मिनिटं उकडल्या की दाताखाली भुसभुशीत लागतात, कमी शिजल्या तर खडूसारख्या. रायवळ आंबा चोखायचा. ऊस चावायचा, रस गिळायचा, चोथा थुंकायचा. झाडावरून काढलेली ओली काजूची बी मात्र दाताजवळही न्यायची नाही. तिच्या कवचात चीक असतो, तो ओठांना लागला की भाजल्यासारखे फोड येतात. अळू-सुरणाचाही राग दातांमुळेच बाहेर पडतो. त्यांच्या पेशींत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. कच्चं किंवा अर्धवट शिजलेलं चावलं की पेशी फुटून ते जिभेला, घशाला टोचतात. अळूच्या फदफद्यात आमसूल किंवा चिंच पडते ती चवीपुरती नसते, आंबटाने ही खाज कमी होते. आणि त्याच आंबटाचा अतिरेक झाला, कैऱ्या-करवंदं खाऊन दात आंबले, तर लगेच दात घासू नयेत. आम्लाने वरचा थर मऊ झालेला असतो, ब्रशने तो खरवडला जातो. चूळ भरावी आणि अर्धा तास थांबावं.

गोळ्या-औषधांच्या बाबतीत हा शब्दभेद गंमतीचा राहत नाही. पाकिटावर ‘चावून खाणे’, ‘चघळणे’, ‘गिळणे’ आणि ‘जिभेखाली ठेवणे’ या चार वेगळ्या सूचना असतात. शाळेत जंतांसाठी देतात ती 400 मिलिग्रॅमची अल्बेंडाझोल चावून खायची. एक ते दोन वर्षांच्या बाळाला अर्धीच, कुस्करून पाण्यातून. घसा खवखवतो म्हणून घेतलेली गोळी चघळायची, कारण तिला घशाजवळ रेंगाळायचं असतं. ती कडाकडा फोडून खाल्ली की पैसे फुकट. छातीत कळ आली असताना डॉक्टरांनी ॲस्पिरिन घ्यायला सांगितली तर ती चावून घ्यायला सांगतात, म्हणजे लवकर रक्तात जाते. सॉर्बिट्रेट ही हृदयाच्या दुखण्यावरची गोळी मात्र चावायची नाही, गिळायची नाही, जिभेखाली विरघळू द्यायची. आणि हळूहळू औषध सोडणाऱ्या लांब पल्ल्याच्या गोळ्या चावल्या तर दिवसभराचा डोस एकदम अंगात जातो. घरात औषध देणाऱ्याने ‘खा’ असं मोघम न म्हणता नेमकं क्रियापद वापरावं, एवढं तरी करता येतं.

विडा हा या सगळ्यांत अवघड, कारण त्याला मराठीने ‘चावणे’ फारसं लावलंच नाही. पान ‘खातात’, विडा ‘चघळतात’, आणि तो ‘रंगतो’. देठ आणि जाड शिर काढायची, पानाच्या मागच्या बाजूला वाटाण्याएवढा चुना बोटाने पसरायचा, कात, अडकित्त्याने कातरलेलं सुपारीचं खांड, वेलदोडा, घडी, वर लवंग. चुना जास्त झाला तर जीभ पोळते. श्रीवर्धनकडची रोठा सुपारी चांगली वाळलेली असली तर अडकित्त्याखाली टक्‌ असा आवाज येतो. ओली राहिलेली दाबली जाते, तुटत नाही. लाल रंग पानाचा नाही की सुपारीचा एकटीचा नाही. कात आणि सुपारीतले तुरट घटक चुन्याच्या क्षाराशी भेटले की तो चढतो.

इथे एक कडू गोष्ट सांगायलाच हवी. तंबाखू नसेल तर विडा निरुपद्रवी, हा समज टिकलेला नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2004 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात सुपारीलाच माणसात कर्करोग घडवणारा पदार्थ ठरवलं, तंबाखू असो वा नसो. सतत चघळणाऱ्याच्या गालाच्या आतली कातडी हळूहळू पांढरट, ताठ होते, तिखट सोसत नाही आणि तोंड उघडायचं कमी होतं. आपली तीन बोटं एकावर एक उभी धरून पुढच्या दातांमध्ये जातात का ते बघावं. दोनच जात असतील तर दंतवैद्याकडे जायला उशीर करू नये. पंगतीनंतरचा एक विडा आणि गालात दिवसभर दाबून ठेवलेला तोबरा यांत फरक आहे, आणि तो फरक ‘खाणे’ आणि ‘चघळणे’ या दोन शब्दांत आहे.

वातड

चावणं नीट झालं नाही की दोष दातांना द्यायची सवय असते, पण बऱ्याचदा तो स्वयंपाकाचा असतो. मराठीत त्यासाठी शब्द आहेत. वातड म्हणजे दाताखाली लवतं, तुटत नाही. चिवट म्हणजे ताणलं जातं, तुटत नाही, आंब्याचं साठं थोडं चिवट असावंच. सादळलेला म्हणजे कुरकुरीत असायला हवा होता, पण हवेतल्या दमटपणाने मऊ पडला. श्रावणात किनाऱ्यावरच्या घरात पापडाचा डबा उघडा राहिला तर हा शब्द अर्ध्या तासात वापरायला मिळतो.

माकूल (स्क्विड) वातड होतं त्याचं कारण मधला वेळ. मोठ्या आचेवर दोन-तीन मिनिटं परतलं तर मऊ राहतं. त्यापुढे त्यातली प्रथिनं आवळून पाणी बाहेर टाकतात आणि रबर होतं. अशा वेळी घाबरून उतरवू नका, उलट झाकण घालून मंद आचेवर चाळीस मिनिटं ठेवा. तोवर त्यातले चिवट तंतू विरघळतात आणि ते पुन्हा मऊ येतं. दहा-पंधरा मिनिटांवर गॅस बंद करणाऱ्याच्या वाट्याला रबर ठरलेलं. तिसऱ्या म्हणजे शिंपल्या, त्यांची तक्रार वेगळी, कचकच. लिटरभर पाण्यात साधारण तीस ग्रॅम मीठ विरघळवून, समुद्राच्या पाण्याच्या जवळपास खारट करून, त्यात दोन-तीन तास ठेवल्या की त्या वाळू सोडतात. मग हाताने उचलून काढायच्या. भांडं चाळणीत ओतलं तर खाली बसलेली वाळू पुन्हा त्यांच्याच डोक्यावर पडते. मांदेली कुरकुरीत तळली तर काट्यांसकट चावून खाता येते, अर्धवट तळली तर तेच काटे टोचतात.

उकड्या तांदळाची पेज पांढऱ्या तांदळाच्या पेजेपेक्षा जास्त चावावी लागते. भात सालीसकट उकडून वाळवलेला असल्याने दाण्यातलं पिठूळ एकदा शिजून पुन्हा घट्ट झालेलं असतं, दाणा आपला आकार सोडत नाही. तो चावत राहिलं की गोडसर लागतो, कारण लाळेतलं पाचकद्रव्य पिठाची साखर करायला तोंडातच सुरुवात करतं. घास बत्तीस वेळा चावावा, दाताला एकदा, असा हिशोब सांगतात. आकडा लक्षात राहायला सोपा आहे, इतकंच. पेजेला बत्तीस वेळा कोणी चावू शकणार नाही आणि सुक्या बांगड्याला बत्तीस पुरणार नाहीत. पटाशीच्या आठ दातांनी तोडायचं, चार सुळ्यांनी फाडायचं, आठ उपदाढा आणि बारा दाढांनी दळायचं. घास जिभेवर एकजीव झाला, टोचणारं काही उरलं नाही की गिळायचा.

दातांच्या बाहेरही चावणं बरंच फिरतं. बोललेलं चुकलं की माणूस जीभ चावतो, आणि जेवताना मात्र जीभ ‘चावली जाते’. रागाने दातओठ खातात, झोपेत पोरं दात खातात. दातांत काहीच नसताना मराठीने तिथे ‘खाणे’ योजलंय. (जंतांमुळे दात खातात असं म्हणतात, तसा थेट संबंध लावता येत नाही.) एखादा विषय चावून चावून त्याचा चोथा करतात. पंडिती भाषेत तेच चर्वितचर्वण, म्हणजे चावलेलं पुन्हा चावणं. भागवताच्या सातव्या स्कंधात प्रल्हादाच्या तोंडी हा शब्द आहे. उलट काश्मीरच्या अभिनवगुप्ताने ‘चर्वणा’ हाच शब्द नाटक-काव्याचा रस घेण्याला लावला, तिथे पुन्हा पुन्हा चावणं हा दोष नाही, तीच मजा. गोठ्यातली गाय दोघांच्याही वादात न पडता दिवसाचे सात-आठ तास रवंथ करते. संस्कृत ‘रोमन्थ’चा तो रवंथ, आणि तिच्याकडे चर्वितचर्वण ही पचनाची गरज आहे.

चाववत नाही तेव्हा

‘दात आहेत तर चणे नाहीत, चणे आहेत तर दात नाहीत.’ तोंडाचं बोळकं झालेल्या माणसाला चाववत नाही, पण चवीची आठवण जात नाही, म्हणून पानपुड्याशेजारी मुठीएवढा पितळी खलबत्ता असतो. जो विडा दाढेने कुटायचा तो त्यात कुटून घेतात.

कवळी बसवली की दात परत आले असं वाटतं, ते खरं नाही. पूर्ण कवळीची चावायची ताकद स्वतःच्या दातांच्या पाव हिश्शाच्या आसपास असते. पहिले पंधरा दिवस पेज, मऊ भात, उकडलेला मासा. मग घासाचे लहान तुकडे करून दोन्ही बाजूंच्या दाढांखाली एकाच वेळी ठेवून चावायचं. एकाच बाजूने चावलं तर दुसरी बाजू उचलली जाते, तिच्याखाली भाताचं शीत शिरतं आणि हिरडी दिवसभर दुखते. आंबा, भाकरी, काकडी काहीही पुढच्या दातांनी तोडायचं नाही, वरची कवळी मागून सुटते. कापून दाढेकडे द्यायचं. सुक्या खोबऱ्याचा तुकडा आणि सुपारीचं खांड यांना मात्र कवळीने हात लावू नये. खोबरं किसून घ्यावं. पोरांनो, आजीने ‘माझ्याने चाववत नाही रे’ म्हटलं की ‘चाव, चाव, सवय होईल’ असं सांगू नका, आधी तिची कवळी कुठे टोचते ते विचारा आणि बनवणाऱ्याकडे घासून घ्यायला न्या.